राखेची वीट वेगळी, फायर ब्रिक वेगळी: टिकीच्या तोंडात नेमकी कोणती लावायची

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो त्या मुलखात फायरप्लेस कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा जानेवारीत यावल-चोपड्याकडे रात्री मळ्यात मुक्काम करावा. पारा दहाच्या खाली गेला की सगळे शेकोटीभोवतीच येतात. त्यामुळे हौस मला पटते. सध्या ही हौस टिकी स्टाईलची आहे, टिकी म्हणजे प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरचा कोरीव मुखवटा-पुतळा, म्हणजे भिंतीत एक मोठ्ठं तोंड, वटारलेले डोळे, विचकलेले दात आणि त्या तोंडात जाळ. दिसतं भारी, वाद नाही. पण ज्याला विचारावं तो सांगतो "आतून फायर ब्रिक लावली ना भो", आणि फोटो मोठा करून बघावा तर आत राखाडी रंगाची, सरळ धारेची, आपली रोजची फ्लाय ॲशची, म्हणजे राखेची वीट. भाऊ, ती फायर ब्रिक नाही. किती वेळा सांगायचं.

राखेच्या विटेबद्दल तुम्हाला मी काय सांगू, दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रामुळे भुसावळ-जळगावकडे अर्धी कंपाउंडं त्याच विटेची आहेत. राख, कच, सिमेंट किंवा चुना-जिप्सम, मशीनमध्ये दाबायची, रोज पाणी मारायचं, झाली वीट. सरळ असते, प्लास्टर कमी लागतं, लाल विटेपेक्षा स्वस्त पडते. उत्तम वीट आहे, माझं तिच्याशी वैर नाही.

फायर ब्रिक म्हणजे फायर क्लेची, आग सोसणाऱ्या मातीची वीट, बॉयलरच्या आणि भट्ट्यांच्या आतल्या अस्तराला लावतात ती. फिकट पिवळसर-बदामी रंग, ॲल्युमिना साधारण ३० ते ४० टक्के, माप बहुतेक २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटर, हातात घेतली की जड लागते, चार किलोच्या आसपास. रंग, वजन, भाव हे फरक दुकानात उभं राहिलं की कळतात, त्यावर वेळ घालवत नाही.

खरा गोंधळ आहे तो या एका वाक्यात, "अरे राख म्हणजे आधीच जळालेली वस्तू, ती परत काय जळणार?" हे मी गवंड्याकडून ऐकलंय, सप्लायरकडून ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअर पोरांकडूनसुद्धा ऐकलंय. राख जळत नाही हे खरंच आहे हो. पण वीट नुसत्या राखेची कुठे आहे? राखेचे कण एकमेकांना धरून ठेवणारं जे काही आहे, सिमेंट म्हणा चुना म्हणा, वीट त्याच्या जिवावर उभी असते. आणि ही पकड पाण्याने आलेली असते. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं, म्हणून तर आपण आठवडेच्या आठवडे पाणी मारतो. ते पाणी विटेतून उडून गेलेलं नसतं, सिमेंटच्या पकडीचाच भाग होऊन बसलेलं असतं. आता त्याच विटेसमोर बाभळीचं लाकूड पेटवलं, निखारा सहज ७००-८०० अंशांवर गेला, की विटेचं तोंड तापून हे बांधलेलं पाणी सुटायला लागतं. थोडंफार तर शंभरी ओलांडली की सुटतंच, जिप्सम असेल तर त्याचं दीडशेच्या आतबाहेर जातं, आणि ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधला विरलेला चुना फुटून त्याचा कळीचा चुना होतो.

फायर ब्रिकचं उलटं आहे. तिची पकड पाण्याची नाहीच. ती १२०० अंशांच्या पुढे भाजलेली असते आणि त्या भाजण्यात मातीचे कण एकमेकांत वितळून चिकटलेले असतात. जी वस्तू आगीनेच जोडली गेली तिला तुमच्या मळ्यातली शेकोटी काय तोडणार.

आता गंमत अशी की राखेची वीट पहिल्या हिवाळ्यात पडत नाही. थोड्या बारीक भेगा, थोडी पावडर, एवढंच. म्हणून लोक म्हणतात बघा टिकली. मग जून येतो, पाऊस येतो, दमट हवा येते, आणि तो जो कळीचा चुना विटेच्या तोंडात तयार होऊन बसलाय तो पाणी ओढून घेतो आणि फुगतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर काय होतं ते घर रंगवताना सगळ्यांनी बघितलंय. तेच विटेच्या आत सावकाश होतं आणि दिवाळीपर्यंत तोंडावरचा थर हाताने उकरून निघतो. आणि मग निष्कर्ष काय काढतात, तर "पाणी मुरलं". पाणी मुरलं म्हणून फायरबॉक्सला, म्हणजे जाळ पेटवायच्या पेटीला, आतून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारणारे लोक आहेत, खरंच आहेत, आणि पुढच्या हिवाळ्यात ते केमिकल पेटून अख्खा मळा रंगाच्या डब्यासारखा वास मारतो. दुखणं जानेवारीतलं, खापर जूनवर.

"मग आमच्या चुलीला कुठे फायर ब्रिक होती?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नव्हतीच. पण चुलीला सिमेंटपण नव्हतं ना आप्पा! माती होती, भाजलेली लाल वीट होती, आणि आईबाई दर थोड्या दिवसांनी सारवत होती. लाल वीटसुद्धा भट्टीत ९००-१००० अंशांना भाजून निघते, ती फायर ब्रिकच्या तोडीची नसली तरी आगीचीच लेक आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, फायर ब्रिक मिळत नसेल किंवा बजेट नसेल तर लाल वीट आणि मातीचा गारा वापरा, काही वर्षांनी कपचे निघतील तेव्हा बदला. पण फायरबॉक्सच्या आत राखेची वीट नको म्हणजे नको. फुकट मिळाली तरी नको.

आणि हाच घोळ मसाल्यात होतो, तो मला जास्त चीड आणतो कारण इथे माणसाने चांगले पैसे मोजून खरी फायर ब्रिक आणलेली असते. आणि गवंडी ती एकास सहाच्या सिमेंट मसाल्यात, अर्धा इंच सांधा ठेवून लावतो. विटा राहतात, सांधे गळतात. फायर क्लेचा मोर्टारच पाहिजे, आणि सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, जवळजवळ वीट मोर्टारमध्ये बुडवून ठोकून बसवायची. त्यातही विकत घेताना एअर सेटिंग मागा. हीट सेटिंगवालं फॅक्टरीच्या भट्टीला ठीक आहे, ते पक्कं व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढी शेकोटीत कधी मिळतच नाही, आणि उघड्यावर असेल तर पहिल्याच पावसात धुऊन जातं. एअर सेटिंगमध्ये सहसा सोडियम सिलिकेट असतं, ते हवेत सुकूनच धरतं. तरी वर छप्पर किंवा चिमणीला टोपी हवीच.

पांढरी, हलकी, खडूसारखी इन्सुलेशन ब्रिक पण फायर ब्रिक म्हणूनच विकतात. ती अस्तराच्या मागे ठीक, समोर लावली तर लाकूड आपटून तुटते. पुढे चला.

आता टिकी. आधी एक सांगून टाकतो, तुम्ही टिकी म्हणून जो लांब नाकाचा, पातळ ओठांचा, गंभीर चेहऱ्याचा फोटो पाठवता तो मोआई आहे, ईस्टर आयलंडवरचा दगडी पुतळा, रानो राराकूच्या ज्वालामुखी दगडातून कोरलेला. टिकीचे मोठे गोल डोळे, रुंद तोंड, पोटावर ठेवलेले हात हे मार्केसास बेटांकडचं वळण. दोन्ही पॉलिनेशियातलेच, आणि आपण जी बांबू-मशाल-मुखवटा स्टाईल बघतो ती तर १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बारवाल्यांनी रचलेली. मोआईला काही तोंड उघडं नसतं, त्यात आग कुठून घालणार, एवढं तरी बघा.

चेहरा करायला साधं सिमेंट चालतं, जाळी बांधून थर द्या, ओलं असताना कोरा, कपाळ-डोळे-नाक सगळं. पण ओठ आणि वरचे दात आगीच्या अगदी डोक्यावर येतात, ज्वाळा त्यांनाच चाटून वर जाते. तिथे सिमेंट नाही, पीओपी तर अजिबात नाही, ते जिप्समच आहे. तिथे फायर ब्रिकच घासून दात करा, किंवा हाय ॲल्युमिना सिमेंटचं कास्टेबल, म्हणजे साच्यात ओतायचा आग सोसणारा मसाला, ओता. हो, तेही पाण्यानेच जमतं, पण त्यात चुना मोकळा पडून नंतर फुगण्याची भानगड नसते आणि तापत गेलं की ते भाजल्यासारखं होत जातं. पाणी मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढंच. गवंड्याला सवयीने पातळ करायचं असतं, त्याच्यापाशी उभे राहा.

बांबू तोंडापासून फूटभर तरी लांब ठेवा, बंद पेराचा बांबू तापला की फटाक्यासारखा फुटतो. तापीतले गोटे आत रचू नका, आत पाणी राहिलेला दगड उडतो.

राखेची वीट आणून ठेवलीच असेल तर वाया जात नाही. बाहेरचं सगळं अंग तिचंच करा, फायर ब्रिकच्या पेटीभोवती पाऊण-एक इंच फट ठेवून. ३० इंच रुंद, २४ उंच, १८ खोल पेटीला फायर ब्रिक उभ्या पट्ट्यात लावली तर तळ धरून ५५-६० विटांत काम होतं, तुटफूट धरून ६५ आणा. एवढ्याच खर्चासाठी लोक कंजुषी करतात आणि वर एलईडी लावतात. धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे इथे साधारण ९ बाय ९ इंच. विटा एमआयडीसीकडे बॉयलरचं सामान विकणाऱ्याकडे मागा, आयएस ८ म्हणा, हा फायर ब्रिकचा भारतीय मानक क्रमांक, त्याला कळतं. शंका आली तर एक कोरडी वीट चुलीत संध्याकाळभर लाल होऊ द्या, गार झाली की बादलीत टाका आणि दोन दिवसांनी खिळ्याने कड ओरबाडा. राखेची असेल तर कडेची पावडर होते.

बांधून झाल्यावर चांगलं सुकू द्या, मग काही संध्याकाळी नुसत्या पऱ्हाटीचा छोटा जाळ, बाभूळ नंतर. आणि भरताची वांगी त्यात भाजू नका, धूर सगळा चिमणीतून वर निघून जातो, वांग्याला लागतच नाही. त्यासाठी अंगणात वेगळा जाळ करा.