पार्श्वभूमी : एलन ब्राउन यांचा आग्रह आणि बिस्मार्कची बँक

एलन ब्राउन या लॉस एंजेलिसमधील वकील. ‘वेब ऑफ डेट’ हे त्यांचे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मोठ्या बँका डबघाईला आल्या आणि पैसा नेमका कोण निर्माण करतो, हा तोवर अभ्यासकांपुरता राहिलेला प्रश्न चारचौघांत विचारला जाऊ लागला. ब्राउन यांच्या मांडणीत दोन मागण्या एकत्र येतात. एक, चलन निर्माण करण्याचा अधिकार खासगी बँकांकडून काढून सरकारने स्वतःकडे घ्यावा. दुसरी, नॉर्थ डकोटा राज्याने आपल्या राजधानीत, बिस्मार्क शहरात, काढली तशा स्वतःच्या बँका राज्यांनी आणि शहरांनी काढाव्यात. या दोन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे आणि तो वेगळाच वाचला पाहिजे.

पहिल्या मागणीचे मूळ अमेरिकेच्या वसाहतकाळात सापडते. सैनिकांचे पगार भागवण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने १६९० मध्ये कागदी नोटा काढल्या. पेनसिल्व्हेनियाने १७२३ मध्ये त्याहून शहाणपणाची वाट धरली. जमीन गहाण ठेवून घेऊन वसाहतीने आपल्याच नोटा रहिवाशांना पाच टक्के व्याजाने कर्जाऊ दिल्या, आणि त्या व्याजातून कारभाराचा मोठा खर्च निघाला. ब्राउन यांना हे उदाहरण विशेष प्रिय आहे आणि ते योग्यही आहे. मात्र अशा नोटांवर ब्रिटिश संसदेने १७६४ मध्ये घातलेल्या बंधनांमुळेच स्वातंत्र्ययुद्ध पेटले, हा चलनसुधारकांचा आवडता निष्कर्ष बहुतेक इतिहासकार मान्य करत नाहीत. यादवी युद्धात १८६२ पासून लिंकन सरकारने काढलेल्या, सोन्याचा आधार नसलेल्या ‘ग्रीनबॅक’ नोटांची मर्यादा अखेर ४५ कोटी डॉलरपर्यंत गेली. युद्धाचा खर्च त्यामुळे काही अंशी भागला, पण १८६४ च्या उन्हाळ्यात कागदी डॉलरची किंमत सोन्यातील ४० सेंटांच्याही खाली उतरली होती, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. पुढे महामंदीत शिकागोच्या अर्थतज्ज्ञांनी १९३३ मध्ये बँकांच्या चालू ठेवींना शंभर टक्के राखीव निधीचा आधार असावा, अशी योजना मांडली. कर्ज देता देता नवा पैसा निर्माण करण्याची बँकांची ताकदच काढून घ्यावी, असा तिचा रोख होता.

सार्वजनिक बँक मात्र हीच ताकद वापरते, फक्त मालक बदलते. नॉर्थ डकोटातील गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना चलनाच्या सिद्धान्तांशी फारसे कर्तव्य नव्हते. गव्हाची प्रत आणि भाव शेजारच्या राज्यातील मिनिॲपोलिस शहराचे व्यापारी ठरवत, आणि कर्जाचे व्याजही बाहेरचेच सावकार ठरवत. अळशीच्या पिकात हात पोळलेल्या ए. सी. टाउन्ली यांनी १९१५ मध्ये ‘नॉनपार्टिझन लीग’ ही शेतकऱ्यांची राजकीय संघटना उभी केली, १९१६ मध्ये लीगचे लिन फ्रेझियर गव्हर्नर झाले आणि २८ जुलै १९१९ रोजी बिस्मार्क येथे २० लाख डॉलर भांडवलाच्या तजविजीवर राज्याची बँक सुरू झाली. या योजनेविरुद्ध करदात्यांनी भरलेल्या दाव्यावर १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी मतदारांनी फ्रेझियर यांना परत बोलावून पदावरून दूर केले, पण त्याच मतदानात बँक गुंडाळण्याचा प्रस्ताव फेटाळला. नेता गेला आणि संस्था राहिली. या बँकेच्या दीर्घायुष्याचे मर्म मला इथेच दिसते.

आपल्याकडे सरकारी बँक म्हटले की १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या, गावोगावी शाखा असलेल्या बँका डोळ्यांसमोर येतात. बिस्मार्कची बँक तशी नाही. राज्याचा कर आणि इतर सरकारी निधी कायद्याने तिच्याकडेच ठेवावा लागतो, आणि ठेवींची हमी केंद्रीय विमा महामंडळ नव्हे तर राज्य देते. शेतकरी किंवा दुकानदार कर्जासाठी गावच्या बँकेतच जातो. गावच्या बँकेला रक्कम झेपत नसेल तर राज्याची बँक त्या कर्जात हिस्सा उचलते. यामुळे स्थानिक बँका तिला प्रतिस्पर्धी मानत नाहीत. नफ्याचा मोठा भाग वेळोवेळी राज्याच्या तिजोरीत गेला आहे.

२००८ नंतर इतर राज्यांचे अंदाजपत्रक कोलमडत असताना नॉर्थ डकोटा सावरून राहिले, याचे श्रेय ब्राउन यांनी बँकेला दिले. पण राज्यातील बाकेन या तेलक्षेत्राचा वाटा त्यात फार मोठा होता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा भाग असलेल्या बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०११ च्या अहवालात बँकेचा प्रभाव मर्यादित असल्याचे म्हटले. त्याच वर्षी ब्राउन यांनी ‘पब्लिक बँकिंग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. ‘द पब्लिक बँक सोल्यूशन’ या २०१३ च्या पुस्तकात त्यांचा भर दुसऱ्या मागणीकडे सरकला, आणि २०१४ मध्ये त्या ग्रीन पक्षातर्फे कॅलिफोर्नियाच्या कोषाध्यक्षपदासाठी उभ्या राहून हरल्या. त्याच कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये शहरांना व परगण्यांना स्वतःच्या बँका काढण्याची कायदेशीर मुभा दिली. त्या कायद्याने परवान्यांवर दहाची मर्यादा घातली असून, बिस्मार्कच्या बँकेला कधी न लागलेला केंद्रीय ठेव विमा या नव्या बँकांना सक्तीचा केला आहे.