एलआयसी विमा सखी: अर्ज, कागदपत्रं आणि स्टायपेंड टिकवण्याची अट

एलआयसीची विमा सखी योजना 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपत इथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. गावोगावी तिची एकच ओळख झाली आहे: महिन्याला 7,000 रुपये. पैसे मिळतात हे खरं, पण तो पगार नाही. विमा सखी म्हणजे एलआयसीची महिला एजंट. पहिली 3 वर्षं तिला कमिशनशिवाय वेगळा स्टायपेंड, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, मिळते. ही नोकरी नसल्यामुळे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही आणि पुढे कायम करून घेण्याचा प्रश्नही नाही. अर्ज करण्याआधी घरात सगळ्यांना हे स्पष्ट माहीत असलेलं बरं.

कोण अर्ज करू शकतं

वय 18 ते 70 आणि शिक्षण किमान दहावी पास. एवढ्यावर बऱ्याच जणी बसतात, अडतं ते नात्यापाशी. एलआयसीच्या सध्याच्या एजंटांचे आणि कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक या योजनेत घेत नाहीत. नवरा, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण आणि सासरची जवळची माणसं यात येतात. म्हणजे सासरे एलआयसीचे एजंट असतील तर सुनेला विमा सखी होता येत नाही. एलआयसीतून निवृत्त झालेले कर्मचारी, माजी एजंट आणि सध्या एजंट असलेल्या महिलाही अपात्र आहेत.

कागदपत्रं आणि अर्ज

पासपोर्ट आकाराचा ताजा फोटो आणि वयाचा, पत्त्याचा व शिक्षणाचा पुरावा. पुराव्यांच्या झेरॉक्सवर स्वतःची सही करून त्या साक्षांकित करायच्या. पॅन आणि बँक पासबुकही जवळ ठेवा, कारण कमिशन खात्यात जमा होतं आणि करकपातीचा हिशोब पॅनवर होतो. अर्धवट माहितीचा अर्ज नाकारला जाऊ शकतो.

आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पॅनवर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणी दाखला असेल तर सोबत न्या. नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी त्याची चौकशी करा. आधार आणि पॅनवरचं नाव जुळवून मगच अर्ज भरा.

अर्ज एलआयसीच्या संकेतस्थळावर करता येतो, किंवा सरळ जवळच्या शाखेत जा. ऑनलाइन अर्जात जिल्हा आणि शाखा निवडावी लागते. जिथे आठवड्यातून एकदा तरी सहज जाता येईल तीच शाखा निवडा. शाखेतल्या विकास अधिकाऱ्याला, म्हणजे सगळे ज्यांना डीओ म्हणतात त्यांना, भेटून बोला. पुढचं बरंचसं काम त्यांच्याच हाताखाली शिकायचं असतं. शुल्क शाखेत किंवा अधिकृत मार्गानेच भरा आणि पावती घ्या. ‘नाव लावून देतो’ म्हणणाऱ्या मधल्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

त्यानंतर 25 तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-38 ही विमा एजंट होण्यासाठीची परीक्षा. संगणकावर 1 तासात 50 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा मराठीतून देता येते, फक्त अर्ज भरताना भाषा आठवणीने निवडा. पास झाल्यावर नेमणुकीचं पत्र आणि एजन्सी कोड मिळतो. कोड मिळेपर्यंत कोणाकडूनही हप्त्याचे पैसे घेऊ नका.

स्टायपेंडची खरी अट

पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000 आणि तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये. त्यासाठी वर्षाला 24 जणांचा विमा उतरवायचा आणि नव्या पॉलिसींच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांवरचं कमिशन, बोनस कमिशन सोडून, 48,000 रुपये व्हायला हवं. दुसऱ्या वर्षी आणखी एक अट लागते: आदल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान 65 टक्के चालू असल्या पाहिजेत. 24 पॉलिसी केल्या असतील तर 16 जिवंत हव्यात. 9 बंद पडल्या की स्टायपेंड अडकतो. तिसऱ्या वर्षीही तोच नियम.

म्हणून आत्याबाई, मामेभाऊ, शेजारीण यांच्या गळ्यात पॉलिसी मारून 24 चा आकडा भरणं हा सगळ्यात तोट्याचा मार्ग आहे. नात्यासाठी घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बंद पडते, त्यांचे पैसे जातात आणि संबंधही बिघडतात. हप्ता स्वतःच्या खिशातून भरून किंवा कमिशनमधला वाटा देऊन पॉलिसी मिळवू नका. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार तो गुन्हा आहे आणि दंड 10 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

टिकणारी पॉलिसी विकायची तर आधी विचारा, घरात पैसा कधी येतो? सोयाबीनवाल्या शेतकऱ्याची वार्षिक पॉलिसी जूनमध्ये सुरू केली तर पुढचा प्रत्येक हप्ता बी-खताच्या ऐन खर्चात येईल. तीच नोव्हेंबरात, माल विकल्यावर सुरू केली तर हप्ता भरणं सोपं जातं. बचत गटातल्या बाईला किंवा पगारदाराला मासिक हप्ता सोयीचा, पण तारीख उलटल्यावर हप्ता भरायला सवलतीची मुदत त्याला 15 दिवसांचीच असते; तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला 30 दिवस. तारखांची वही ठेवा आणि हप्त्याच्या आठवडाभर आधी फोन करा. एवढ्याने कितीतरी पॉलिसी वाचतात.

दुसरं, प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठी भरायचा अर्ज. ‘आजार?’ या रकान्यात सवयीने ‘नाही’ लिहू नका. समोरच्या माणसाला शुगर असेल, बीपीची गोळी चालू असेल, तर तसंच लिहा. पहिल्या 3 वर्षांत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते. तेव्हा त्या घरातली विधवा बाई तुमच्याच दारात येणार आहे. नॉमिनीचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. पॉलिसी हातात दिल्यावर, न पटल्यास 30 दिवसांत परत करता येते हेही सांगा. हे सांगणाऱ्या एजंटवर लोकांचा विश्वास बसतो आणि पुढची ओळख तेच करून देतात.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुनी कोष्टकं अजून फिरत असतात, त्यामुळे हप्ता सांगताना एलआयसीच्या अ‍ॅपवरूनच काढून दाखवा.

3 वर्षांनी स्टायपेंड थांबतो. एजन्सी चालू राहते, आणि ज्या पॉलिसींचे हप्ते भरले जात आहेत त्यांचं नूतनीकरण कमिशन, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरचं कमिशन, योजनेच्या नियमांप्रमाणे येत राहतं.