हत्तींनी सुळे सोडले नाहीत, सुळेवाले हत्ती मारले गेले

शिकाऱ्यांच्या भीतीने आफ्रिकेतल्या हत्तींनी सुळे उगवणंच बंद केलं, असा एक मेसेज अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत येतो, सोबत बिनसुळ्याच्या हत्तिणीचा फोटो आणि खाली ‘निसर्ग सगळं बघतो’ टाइपची एक ओळ. फोटो खरा असतो, बातमीही अर्धी खरी आहे. पण जो अर्धा भाग चुकलाय तोच महत्त्वाचा, कारण हत्तीणच काय, कुठलाच प्राणी ‘धोका आहे, चला हा अवयव बंद करू’ असं ठरवू शकत नाही, आणि निसर्गही कुणाची बाजू घेत नाही. झालं ते याहून साधं आहे आणि कितीतरी जास्त क्रूर आहे.

गोष्ट मोझांबिकमधली. देशाच्या मधल्या पट्ट्यात, ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या दक्षिण टोकाला गोरोंगोसा आहे, पोर्तुगीज राजवटीत १९६० साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली, एकीकडे फ्रेलिमोचं सरकार, दुसरीकडे रेनामोचे बंडखोर, आणि ती चालली थेट १९९२ पर्यंत. गोरोंगोसा त्या लढाईच्या अगदी तोंडावर होतं. दोन्ही बाजूंच्या माणसांनी हत्ती मारले, मांस खायला आणि हस्तिदंत विकून शस्त्रं घ्यायला. १९७२ च्या मोजणीत इथे अडीच हजारांवर हत्ती होते, २००० साली उरले अडीचशेच्याही आत. म्हणजे दहातले नऊ गेले.

आता नीट बघा. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात, पण काही थोड्या माद्या जन्मतःच बिनसुळ्याच्या असतात, आणि त्या युद्धाच्या आधीही होत्या. गोरोंगोसात त्यांचं प्रमाण साधारण साडेअठरा टक्के होतं, युद्धानंतर ते जवळजवळ ५१ टक्के झालं. हस्तिदंतासाठी गोळी झाडणारा माणूस सुळे बघून झाडतो, त्यामुळे या काळात बिनसुळ्याच्या मादीची वाचण्याची शक्यता सुळेवालीच्या पाचपट होती असं अभ्यासात दिसलं. गणित करून बघा. धरा, शंभर माद्या आहेत, १८ बिनसुळ्याच्या आणि ८२ सुळेवाल्या. सुळेवाल्यांतल्या शेकडा ५ वाचल्या तर ४ उरतात, बिनसुळ्याच्यांतल्या शेकडा २५ वाचल्या तर त्याही ४-५ च उरतात. झाले निम्मे-निम्मे. एकाही हत्तिणीचे सुळे गळाले नाहीत की तिच्यात काही बदललं नाही, फक्त बाकीच्या मेल्या. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि डार्विनने सांगितली तीही हीच.

पण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडतो तो पुढचा भाग, त्यावर जरा रेंगाळणार आहे. बिनसुळ्याच्या दिसतात त्या सगळ्या माद्याच, नर जवळपास दिसतच नाही. असं का? दहावीच्या पुस्तकातली गुणसूत्रं आठवा, मादीकडे दोन एक्स, नराकडे एक एक्स आणि एक वाय. शेन कॅम्पबेल-स्टॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (हत्तींच्या वागणुकीवर आयुष्यभर काम केलेल्या जॉइस पूल त्यात आहेत) गोरोंगोसाच्या हत्तिणींचे जनुक तपासले आणि २०२१ साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात निष्कर्ष छापला. सुळे न येण्यामागचा जनुकातला बदल एक्स गुणसूत्रावर आहे. दोनपैकी एका एक्सवर जरी तो असला तरी मादीला सुळे येत नाहीत, आणि तिचा दुसरा एक्स चांगला असल्यामुळे बाकी सगळं व्यवस्थित चालतं. दुसरा एक्स म्हणजे गाडीतली स्टेपनी. नराकडे स्टेपनीच नाही. त्याच्या वाट्याला तोच एक्स आला तर तो जन्मालाच येत नाही, पोटातच संपतो.

आता बिनसुळ्याची आई घ्या आणि बाप घ्या सुळेवाला, कारण बाप सुळेवालाच असणार, बदल असलेला नर जगतच नाही ना. चार प्रकारची पिल्लं होऊ शकतात. बदललेला एक्स मिळालेली मुलगी बिनसुळ्याची, चांगला एक्स मिळालेली सुळेवाली, चांगला एक्स मिळालेला मुलगा सुळेवाला, आणि बदललेला एक्स मिळालेला मुलगा गेला. म्हणजे जगणाऱ्या तिघांपैकी दोन मुली. बिनसुळ्याच्या माद्यांच्या पिल्लांत खरोखरच साधारण दोन तृतीयांश माद्या निघाल्या, आणि हा धागा नेमका इथेच हाती लागला. हत्तिणीचा गर्भकाळ २२ महिन्यांचा, त्यामुळे असं एकेक पिल्लू जाणं कळपाला किती महाग पडतं ते वेगळं सांगायला नको.

संशयित जनुकांपैकी एक आहे एएमईएलएक्स, दातावरच्या एनॅमलच्या घडणीतला. हत्तीचे सुळे म्हणजे खरं तर वरच्या जबड्यातले पटाशीचे दात, वाढत गेलेले. माणसातही एक्सचा हा तुकडा गळाला तर बाईच्या वरच्या बाजूच्या पटाशीच्या दातांची वाढ खुंटू शकते आणि पुरुषगर्भ टिकत नाही, कारण शेजारीच पेशींच्या ऊर्जेशी संबंधित एक अत्यावश्यक जनुक असतो आणि तोही सोबत जातो. माणूस आणि हत्ती यांचा पूर्वज कित्येक कोटी वर्षांपूर्वीचा, तरी दाताचं यंत्र तेच! दुसरा जनुक एमईपी१ए, तो एक्सवर नाही पण दाताच्या घडणीत त्याचाही हात आहे.

जरा अवघड वळण आहे, पण सोडू नका. निम्म्या आया बिनसुळ्याच्या असतील आणि त्यांच्या निम्म्या मुली तशा, तर एकूण मुलींत पाव भाग बिनसुळ्याच्या यायला हव्यात. प्रत्यक्षात युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांत ३३ टक्के निघाल्या, छोट्या कळपात नशिबाचा फासा गणिताप्रमाणे नेमका पडत नाही. पण दिशा बघा, ५१ वरून ३३. बदललेला एक्स दोन्ही बाजूंनी मिळालेली मादी होऊच शकत नाही, म्हणून गोळी थांबली की हा गुण आपोआप उतरणीला लागतो. म्हणजे ‘आता सगळे हत्ती बिनसुळ्याचे होणार’ ही हेडलाइन निदान गोरोंगोसापुरती तरी चुकीची आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या आडो हत्ती उद्यानाचं उदाहरण लोक यातच घुसडतात, तिथे ९८ टक्के माद्या बिनसुळ्याच्या होत्या. पण १९३१ साली ते उद्यान झालं तेव्हा तिथे हत्तीच उरले होते ११, एवढ्याशा कळपात योगायोगाने काहीही पसरू शकतं, आणि वरच्या गणितातून ९८ टक्के निघतच नाहीत. तिथलं कारण वेगळं, ते गोरोंगोसाला चिकटवू नये.

आणि आपल्याकडचा हत्ती? आशियाई माद्यांना बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतातच, बिनसुळ्याचा नर म्हणजे माखना, तो ठणठणीत जगतो. म्हणजे इथे एक्सवाली भानगड लागू नाही. आजरा-चंदगड किंवा दोडामार्गात टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, आल्याची बातमी वाचताना एवढं लक्षात ठेवा. आणि हो, हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी नजर लागू नये म्हणून आजही विकत घेतली जाते, गजमुक्ता, म्हणजे हत्तीच्या डोक्यातला मोती, म्हणून दगड विकले जातात. त्या केसात नखात असतं तेच केराटिन असतं. नजरेवर त्याचा शून्य परिणाम होतो, पण हत्तीच्या अवयवांना बाजार मिळतो हा परिणाम मात्र अगदी खरा आहे.

आता पुन्हा मोझांबिकमधल्या हत्तींकडे. उत्तरेकडच्या नियासा अभयारण्यात २००९ नंतर हत्तींची पुन्हा भयंकर कत्तल झाली, पाच वर्षांत देशातले जवळपास निम्मे हत्ती गेले, मग गस्त कडक झाली आणि २०१९ मध्ये नियासात वर्षभरात एकही शिकार झाली नाही अशी बातमी आली.   गवताळ प्रदेशातल्या सव्हाना हत्तीला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२१ साली संकटग्रस्त ठरवलं.

गोरोंगोसाचे हत्ती आता वाढतायत. युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्या हत्तिणी मात्र गाडी दिसली की अंगावर यायच्या, जॉइस पूल यांनी त्यांच्या या रागाचा खूप अभ्यास केला, आणि तो राग त्यांच्या मुलींनीही उचलला, तोही जनुकाशिवाय, नुसतं आईकडे बघून. हत्तिणीची एक पिढी साधारण २५ वर्षांची, आणि १९९२ पासून जेमतेम सव्वा पिढी उलटलीये. त्यामुळे बिनसुळ्याच्या माद्यांचं प्रमाण पुन्हा साडेअठराच्या आसपास यायला, शिकार अजिबात झाली नाही तरी, अजून काही दशकं जातील.