विमान वळवणारी तार: डेटनच्या दफनभूमीतले राइट बंधू

१७ डिसेंबर, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा दिवस, जवळ आला की त्यांच्याआधीच मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याचे संदेश फिरू लागतात, पुराव्याला 'वैमानिक शास्त्र' हा प्राचीन म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ जोडलेला असतो. त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच गणित मांडून दाखवलंय. आणि राइट बंधूंची खरी करामत नुसतं हवेत जाण्यात नव्हतीच.

ओहायोतल्या डेटन शहरात १८४१ची वुडलँड दफनभूमी आहे. विषमज्वराने १९१२ साली गेलेला विल्बर आणि १९४८ साली गेलेला ऑर्विल तिथे घरच्यांसोबत आहेत. मोटारीचं हँडल मारणं बंद करणारा, विजेच्या स्टार्टरवाला चार्ल्स केटरिंगही तिथेच. पण आपण पंखाकडे वळू.

राइट बंधूंचा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, डावीकडे कलला, तर सरळ कसा करायचा? वैमानिक पालथा झोपे, कंबर एका सरकत्या पाळण्यात. ती उजवीकडे सरकवली की तारा ताणून पंख पिळले जात: डाव्या टोकाची मागची कड खाली, उजवीची वर. डावीकडे हवेशी होणारा कोन वाढे, उचल वाढे.

गोम इथेच आहे. उचलीबरोबर हवेचा विरोधही वाढतो. डावा पंख मागे ओढला जातो, नाक डावीकडे वळतं, त्या पंखाचा वेग घटतो. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून तो वर यायचा सोडून आणखी खाली जातो. १९०२च्या ग्लायडरला यावर उपाय म्हणून मागे दोन उभे, स्थिर पडदे लावले, तर भलतंच झालं. ग्लायडर डावीकडे घसरला की वारा पडद्यांच्या डाव्या अंगावर आदळे, शेपूट उजवीकडे ढकलली जाई आणि नाक अजूनच डावीकडे. खालचं टोक वाळूत रुतून ग्लायडर गरगरे. दोघे भाऊ याला 'विहीर खणणं' म्हणत.

पडदा फिरता करावा, ही कल्पना ऑर्विलची. विल्बरने त्याची तार थेट कंबरेच्या पाळण्याला जोडली. आता पंख पिळला की कमी कोनाच्या बाजूला हा पडदा, म्हणजे सुकाणू, आपोआप वळे आणि नाक भरकटत नसे. दोनाऐवजी एकच पडदा पुरला.

१२ अश्वशक्तीचं इंजिन आलं ते पुढच्या वर्षी. १७ डिसेंबर १९०३चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, ३७ मीटरचं. चौथं ५९ सेकंदांचं, २६० मीटरचं. पेटंट १९०६ साली मिळालं, पण अर्ज मार्च १९०३चा. त्यात इंजिनावर दावा नाही, पंखाचा पीळ आणि सुकाणूवर आहे.