चीनच्या मोहिमेवर गेलेली मुंबईची चार जहाजं
(सागवानी नमुन्यांसोबत दिलं जाणारं माहितीपत्रक)

तुम्ही घेतलेल्या खोक्यात मिंडेन, कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि मेलव्हिल यांपैकी एक जहाज आहे. पूर्ण संच घेतला असेल तर चारही आहेत. चारही ब्रिटिश आरमाराची, प्रत्येकावर 74 तोफा, आणि चारही बांधली गेली मुंबईत. दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘हीच चार का निवडली?’ उत्तर जरा लांब आहे, म्हणून हा कागद.

सुरतेहून 1736 मध्ये मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं इथली गोदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आपली चारही जहाजं जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातची. मिंडेन 1810 मध्ये पाण्यात उतरलं, कॉर्नवॉलिस 1813 मध्ये, वेलस्ली 1815 मध्ये आणि मेलव्हिल 1817 मध्ये. ब्रिटिश आरमाराचं एवढं मोठं लढाऊ जहाज ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलं गेलं ते प्रथम मिंडेनच. पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा मुख्य वासा, बसवताना त्यात रुप्याचा खिळा ठोकायची इथली रीत होती. लायन गेटच्या आत, आजच्या नौदल गोदीत डंकन डॉक अजून आहे. पण तिथं तुम्हाआम्हाला सहज जाता येत नाही.

लाकूड मलबारचं सागवान. इंग्लंडचा ओक लोखंडी खिळ्यांना गंज चढवतो. सागात तेल असतं, त्यामुळे खिळा वर्षानुवर्षं टिकतो आणि वाळवीही लांब राहते. तोफेचा गोळा लागला की ओकच्या लांब टोकदार ढलप्या उडतात आणि माणसं गोळ्यापेक्षा त्या ढलप्यांनीच जास्त मरतात. साग तसा फुटत नाही. आम्ही नमुने सागाचेच करतो ते काही केवळ दिसायला छान म्हणून नाही.

वेलस्लीच्या जन्माची कथा आमच्या विशेष आवडीची. ते खरं तर वेगळ्या आराखड्यावर बांधायचं होतं. आराखडे घेऊन ‘जावा’ नावाचं ब्रिटिश जहाज मुंबईकडे निघालं आणि डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ते पकडलं. आराखडे गेले. त्याच जहाजावर जनरल थॉमस हिस्लॉपही कैद झाला. पुढे पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढला तो हाच. इकडे गोदीत कॉर्नवॉलिस नुकतंच तयार झालं होतं, म्हणून वेलस्ली त्याच्याच मापावर उभं केलं. आमच्या संचात ही दोन जहाजं जुळी दिसतात त्याचं कारण हे. एकच साचा वापरून आम्ही वेळ वाचवला, असा आरोप आमच्यावर झालेला आहे!

आता मोहीम. काही जणांना हा भाग दिवाणखान्यात नको वाटतो, पण तो गाळला तर जहाजं उरतात आणि इतिहास जातो. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारात मुंबईचे बडे व्यापारी होते, सर जमशेटजी जीजीभॉयही. 1839 मध्ये चिनी आयुक्त लिन झेश्यू यांनी वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. ब्रिटिशांनी ते निमित्त धरून आरमार पाठवलं. अफूही मुंबईची आणि ती विकू देण्यासाठी गेलेली ही जहाजंही मुंबईची. कारागिरीचं कौतुक करताना आम्ही हे लपवत नाही.

त्याआधी फेब्रुवारी 1839 मध्ये वेलस्लीनं कराची बंदराच्या तोंडावरच्या मनोरा या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि कराची इंग्रजांच्या हाती गेली. जहाजावरचा ॲडमिरल मेटलंड त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईजवळ समुद्रावरच वारला. 1815 मध्ये नेपोलियननं ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली तो हाच मेटलंड. पुढच्या जुलैत कमोडोर ब्रेमरच्या हाताखाली वेलस्लीनं चीनच्या किनाऱ्याजवळचं चुसान बेट घेतलं. ॲडमिरल जॉर्ज इलियट मेलव्हिलवरून तिथं पोचला आणि मेलव्हिल खडकावर आपटलं. इलियटला आपलं निशाण, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाचा झेंडा, वेलस्लीवर हलवावं लागलं. फेब्रुवारी 1841 मध्ये कँटनच्या वाटेवरचे बोगचे किल्ले पडले, तेव्हा मात्र दोन्ही जहाजं हजर होती.

याच ताफ्यात कंपनी सरकारची नेमेसिस ही आगबोट होती, उथळ पाण्यात शिरणारी. नदीतल्या लढाईत ती शिडाच्या मोठ्या जहाजांपेक्षा वरचढ ठरली. ती आमच्याकडे मागतात, पण ती लोखंडाची. आमच्या पटाशीला तिथं काम नाही.

1842 च्या उन्हाळ्यात ॲडमिरल विल्यम पार्करचं निशाण कॉर्नवॉलिसवर होतं. ताफा यांगत्सेतून वर नानकिंगपर्यंत गेला आणि 29 ऑगस्टला कॉर्नवॉलिसवरच तह झाला. हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं, पाच बंदरं खुली झाली आणि चीनवर दोन कोटी दहा लाख डॉलरची भरपाई लादली गेली. ब्रिटनच्या वतीनं सही करणारा हेन्री पॉटिंजर पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडे नगरचा कलेक्टर होता. (पहिल्या खेपेच्या पितळी पट्ट्यांवर आम्ही हा तह वेलस्लीवर झाल्याचं कोरलं होतं. एका निवृत्त बंदर पायलटांनी चूक दाखवली. तशी पट्टी तुमच्याकडे असेल तर आणून द्या, बदलून देऊ.) मिंडेन या मोहिमेत लढायला नव्हतं. ते 1842 पासून हाँगकाँगच्या बंदरात आरमाराचं तरंगतं इस्पितळ होतं. तिथल्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे.

लाकडाचा टिकाऊपणा मोहिमेनंतर कळतो. मिंडेन 1861 मध्ये हाँगकाँगलाच मोडीत गेलं. मेलव्हिलही तिथंच इस्पितळ झालं आणि 1873 मध्ये विकलं गेलं. कॉर्नवॉलिसला 1855 मध्ये वाफेचं इंजिन आणि पंखा बसवला. नंतर इंग्लंडमधल्या शीअरनेसला ते बोटी लागायचा धक्का म्हणून वापरलं आणि ते 1957 मध्ये मोडलं, म्हणजे बांधल्यापासून 144 वर्षांनी. वेलस्लीचं नाव 1868 मध्ये कॉर्नवॉल झालं आणि टेम्स नदीत त्यावर मुलांना खलाशीकाम शिकवू लागले. सप्टेंबर 1940 मध्ये जर्मन विमानाचा बॉम्ब लागून ते बुडालं. शत्रूनं बुडवलेलं शिडाच्या जमान्यातलं ते शेवटचं मोठं लढाऊ जहाज. 1948 मध्ये वर काढून मोडलं तेव्हा त्यातलं थोडं लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीत वापरलं.

जाता जाता एक खुलासा. जमशेटजी वाडियांनी गोऱ्यांना टोमणा मारणारी एक ओळ कॉर्नवॉलिसच्या तळाच्या वाशावर कोरली होती, असं बरेच जण आम्हाला सांगतात. ती गोष्ट सांगतात ती 1800 सालच्या दुसऱ्या कॉर्नवॉलिसबद्दल. नमुना उलटा करून शोधू नका, शिडं तुटतील.

आता नमुन्याविषयी. प्रमाण 1:96 आहे, म्हणजे आठ फुटांचा एक इंच. डेकवर माणूस उभा केला तर पाऊण इंचाहून ठेंगणा. दोन मुख्य मजल्यांवर प्रत्येक बाजूला चौदा-चौदा झरोके दिसतील. मोजून पाहा. उरलेल्या तोफा वरच्या उघड्या डेकवर आहेत. झरोक्यांच्या ओळींवरचे पट्टे पिवळे नसून पांढरे आहेत, कारण 1840 च्या सुमारास हीच रीत होती.

डोलकाठ्यांचे दोर सुती आहेत. पावसाळ्यात ते ओलाव्यानं ताणतात आणि हिवाळ्यात सैल पडतात. तो दोष नव्हे, गाठ मारून घट्ट करू नका. ओलं फडकं लावू नका, धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं झटका. नमुना एसीच्या झोतासमोर किंवा थेट उन्हात ठेवू नका. एखादा दोर तुटलाच तर तुटका तुकडा टाकून न देता नमुन्यासोबत आणा. त्याच जाडीचा दोर शोधायला आम्हाला तोच लागतो.