एक कस कन्नड, एक कस मराठी

लग्नाचा मुहूर्त १२.३५ चा होता. साडेतीनला शेवटची पंगत उठली आणि बेळगावात शहापुराकडच्या त्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक मोठा टोप तसाच राहिला. वर झाकण, आत निदान ऐंशी माणसांचा भात. सकाळपासून पावसाची झड लागलेली, त्यामुळे खानापूर बाजूचे निम्मे पाहुणे आलेच नव्हते. केटरिंग माझ्या शाळेतल्या दोस्ताचं. त्यानं टोपाला बाहेरून हात लावून बघितला आणि निवांत झाला.

"गरम हाय की अजून. सातला आश्रमात पोचवतो. काय होतंय त्याला?"

माझ्या पिशवीत टोचून बघायचा थर्मामीटर असतो. (घरात याला खूळ म्हणतात.) टोपाच्या कडेला टोचला तर ४१ अंश, मधोमध ५३. दोस्त म्हणाला, "बघ, सांगितलं नव्हतं?" अन्न वाचवण्यात चांगल्या माणसांचा घोटाळा होतो तो नेमका इथे. वाफाळतं अन्न निर्धोक असतं, फ्रीजमधलं गारही निर्धोक असतं. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात, साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. त्यातही अंगाएवढी ऊब म्हणजे जिवाणूंना घरचं कार्य. "अजून कोमट आहे" हे भाताच्या बाजूनं बोलणारं वाक्य नव्हे.

भातातल्या मुख्य पाहुण्याचं नाव बॅसिलस सेरिअस. हा मुळात मातीतला जीव. शेतातून तांदळाबरोबर घरी येतो, आणि येतो तो बीजाणूच्या रूपात, म्हणजे जाड कवचात झोपलेला. भात शिजताना बाकीचे जिवाणू मरतात, हा मरत नाही. उलट प्रतिस्पर्धी संपलेले, समोर पाणी पिऊन फुगलेला पिष्टाचा ढीग, आणि टोप निवत निवत येतो तशी हवी तेवढी ऊब. बीजाणू जागे होतात. अनुकूल परिस्थितीत असे जिवाणू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटं धरली तर सहा तासांत एकाचे २ लाख ६२ हजार. साडेतीन ते सात ही आपल्याला नुसती विश्रांतीची वेळ वाटते.

पुन्हा उकळी आणली की झालं, असं कुणीही म्हणेल. जिवाणू मरतातही. पण यांच्यातल्या काही जाती भातात सेर्युलाइड नावाचं विष सोडून ठेवतात, आणि ते १२० अंशांच्या वर दीड तास तापवूनही टिकतं. आपल्या गॅसवर तेवढं तापमान भाताला कधी मिळायचंच नाही. सकाळचा फोडणीचा भात मग इतकी वर्षं आपल्याला कसा पचतोय? कारण घरच्या पातेल्यातला वाडगाभर भात लवकर निवतो आणि हल्ली रात्रीच फ्रीजमध्ये जातो. तरी रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला मी फोडणी देत नाही. आई हयात असती तर यावरून बोलली असती.

लहान पातेलं लवकर निवतं आणि टोप निवत नाही, यात भूमिती आहे. उष्णता साठते ती आकारमानात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर भात आठपट मावतो, पण पृष्ठभाग चौपटच होतो. शिवाय भातातून उष्णता मुंगीच्या पावलानं सरकते: थराची जाडी दुप्पट झाली की मध्य निवायला चौपट वेळ लागतो. ३० सेंटिमीटर खोल टोपातला भात ५ सेंटिमीटरच्या थरानं परातींत पसरला, तर जाडी सहापट कमी झाली आणि वेळ हिशेबानं छत्तीसपट. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, हवा आणि परात आपापलं काम आपल्या गतीनंच करतात. पण दिवसाचं काम तासाभरावर येतं. आमटी-सांबाराचंही तेच. घट्ट रश्शाच्या मोठ्या भांड्यात तळाशी हवा पोचत नाही, आणि हवा नको असलेल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सला तिथं बरं चालतं.

म्हणून आम्ही दोघांनी पुढच्या कार्यापासून साडेतीनची वेळच काढून टाकली. दुसरी पंगत बसली की वाढप्यांना अंदाज येतो. अजून न उघडलेला टोप तेव्हाच बाजूला घ्यायचा, ६० च्या वर असतानाच जाड भिंतीच्या गरम डब्यांत भरायचा आणि रवाना करायचा. ते जमलं नाही तर परातींत पसरून, निववून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दोन्ही जमलं नाही तर तो भात माणसांचा नाही. हे मान्य करायला दोस्ताला सगळ्यात जड गेलं. अन्न टाकायचं म्हटलं की आपल्याला पाप वाटतं. पण आश्रमातल्या सत्तरीच्या माणसाला उलट्या-जुलाब झाले तर तेही पुण्य नव्हे. डब्यावर चिठ्ठी लावायची: पदार्थ कोणता, कुणी केला, कधी शिजवला, कधीपर्यंत खायचा. २०१९ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र विनियम काढले, त्यांचाही रोख हाच आहे. वाटपाला जातं ते न वाढलेलं, सुरक्षित अन्न. ताटातलं उष्टं त्यात बसत नाही.

सगळ्याच पदार्थांचं घड्याळ सारखं पळत नाही. खडेबाजारातल्या मिठाईच्या दुकानात संध्याकाळी उरलेला कुंदा आणि त्याच वेळी खानावळीत उरलेली आमटी यांत जमीन-अस्मानाचा फरक. कुंदा म्हणजे दूध आटवत आटवत तपकिरी केलेलं. तो रंग आणि ती खमंग चव येते दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्या मेलार्ड अभिक्रियेतून. पण टिकण्याचं श्रेय आटवण्याला आणि साखरेला. पाणी बरंचसं उडून गेलेलं, उरलेलं साखरेनं धरून ठेवलेलं. अन्नात पाणी किती आहे यापेक्षा जिवाणूला मिळण्याजोगं किती आहे हे महत्त्वाचं. त्याला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची १ धरली तर ०.८५ च्या खाली बहुतेक रोगजंतूंना वाढता येत नाही. म्हणून खारी, बटर, नानकटाई, कुंदा सकाळपर्यंत थांबू शकतात. एकच पथ्य: हात लावायचा नाही. कातडीवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोरड्या-गोड पदार्थांत इतरांपेक्षा तग धरतो, आणि त्याचंही विष उकळून जात नाही. हाताशी गाडी एकच असेल तर ती आधी आमटी-भाताकडे पळवावी, मिठाईवाल्याकडे सकाळी गेलं तरी चालतं.

जगाचा आकडा एकदा सांगून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. यातलं ६० टक्के घरांतून, २८ टक्के हॉटेल-खानावळी-केटरिंगमधून, १२ टक्के दुकानांतून. म्हणजे घरांचा वाटा मोठा. पण घरातलं वाटीवाटीनं जातं, कार्यालयातलं टोपानं जातं, आणि गोळा करायला टोप सोपा.

आता उष्टं, आणि माणसांची वेळ टळून गेलेला भात. आपल्याकडचं तयार उत्तर: "गुरांना घाला." भाजीबाजारातले कोबीचे वरचे पाले, फ्लॉवरचे दांडे यांच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. बेळगावातून रोज गोव्याला भाजी जाते, त्यामुळे निवडून टाकलेला पाला इथं भरपूर, आणि त्यासाठी ताजेपणी गोठ्यासारखी जागा नाही. भाताच्या बाबतीत मात्र हे उत्तर घातक ठरू शकतं. गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, रुमेन, ही सावकाश चालणारी भट्टी आहे. तिथले सूक्ष्मजीव वैरणीतलं तंतुमय सेल्युलोज हळूहळू फोडतात आणि सामू (पीएच, आम्लतेचं माप) ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. त्यात एकदम बादलीभर भात, चपात्या आणि जिलेबीचा चुरा पडला की पिष्ट आणि साखर खाणारे जिवाणू उसळतात, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू ५.५ च्या खाली उतरतो. तंतू फोडणारे मरतात. जनावर खाणं सोडतं, रवंथ थांबतं, पोट फुगतं, आणि वेळेवर डॉक्टर आला नाही तर दगावतं. लग्नसराईत, कार्यालयापाशी पुण्य म्हणून घातलेल्या घासानं हे होतं.

याच पोटाकडे बघून एक वेगळी युक्ती निघाली. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विचार केला तो असा: गोबरगॅसमधले जिवाणू गुरांच्या आतड्यातले आहेत, तर त्यांना गाईनं पचवून उरलेलं शेणच का द्यायचं? सरळ अन्न द्यावं. पिष्ट आणि साखर घातली की छोट्या टाकीतही भराभर गॅस होतो. या संयंत्राला २००६ चा, शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. रोज ठरावीक उष्टं निघणाऱ्या खानावळीला हा मार्ग खतापेक्षा सोयीचा, कारण गॅस त्याच स्वयंपाकघरात परत जातो. पण टाकीलाही गाईचाच आजार होतो. एकदम जास्त भात ओतला की आम्ल साचतं, मिथेन करणारे जिवाणू गप्प होतात आणि शेगडी विझते. रोज थोडं, बेतानं. लग्नाच्या एका दिवसाचा ढीग तिच्या पोटात मावत नाही.

त्या ढिगासाठी खत. सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा आमच्या गल्लीत "हसी कस, ओण कस" असं दोन बादल्यांचं वर्गीकरण कन्नडमधून चालतं: ओला कचरा, सुका कचरा. कन्नडात कस म्हणजे केर. मराठीत "जमिनीचा कस" म्हणजे तिचं सत्त्व. सीमेवर राहणाऱ्याला हा शब्द दोन्ही कानांनी ऐकू येतो. एका कसाचा दुसरा कस करणं हे कंपोस्टचं काम, आणि माझा पहिला प्रयत्न साफ फसला होता. परसात नुसता भात आणि आमटी ओतली. आठवड्यात आंबट, मग कुजक्या अंड्यासारखा वास. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय मेलंय काय तुमच्याकडं?"

मेलं काही नव्हतं, हवा संपली होती. शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी. तो दबून लगदा होतो आणि आत प्राणवायू जात नाही. मग हवेवाचून जगणारे जिवाणू आम्लं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बेळगावच्या तुरमुरी कचरा डेपोत असो वा कुठल्याही मोठ्या ढिगात, दाबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो तोही असाच. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. दुसरी चूक प्रमाणाची. खत करणाऱ्या जिवाणूंना एका भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. उष्ट्या-खरकट्यात तो १५-२० च्या घरात. उसाच्या पाचटात शंभराच्या आसपास. बेळगाव जिल्ह्यात राहून पाचट कमी पडावं आणि ते रानात पेटवलं जावं, यासारखा विनोद नाही. रसवंतीची चिपाडं, कोयत्यानं तोडून, त्याहून बरी: ती लगद्यात हवेच्या नळ्यांसारखी राहतात. भाताचं तूस पोकळी ठेवतं पण त्यातल्या सिलिकामुळे कुजत नाही लवकर. सॉमिलचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. एक बादली ओलं, दोन बादल्या सुकं, असा माझा अंदाज बसलाय. मूठभर उचलून घट्ट पिळायचं; एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी पाचट.

हवा खेळवायची की नाही यावर दोन जुन्या भारतीय पद्धती आहेत. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात बसवलेली पद्धत ढीग पुन्हा पुन्हा पालटायला सांगते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये मांडलेली पद्धत खड्डा भरून मातीनं लिंपायला सांगते. मेहनत कमी, पण सहा-आठ महिने थांबावं लागतं. शेजारी काकू असतील तर इंदूर.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. कणकुंबी-जांबोटीकडे तर बोलायलाच नको, पण बेळगावातही जून ते सप्टेंबर सुकं काही मिळत नाही. पाचट एप्रिलमध्येच पोत्यांत भरून छपराखाली ठेवावं लागतं. ढिगावर पत्रा, बाजू उघड्या.

आणि ढीग मोठा हवा. निदान हातभर नव्हे, मीटरभर लांब, रुंद, उंच. टोपाची भूमिती इथं उलट कामाला येते: आत जिवाणूंच्या श्वसनाची ऊब तयार होत राहते, आणि आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग थोडा असला तरच ती टिकते. दोन-तीन दिवसांत उष्णताप्रेमी जिवाणू ताबा घेतात. ५५ च्या वर सलग तीन दिवस राहिलं तर बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी संपतं. ७० च्या पुढे गेलं तर कामकरी जिवाणूच भाजतात, तेव्हा पालटायचं. नंतर ढीग निवतो, अॅक्टिनोमायसिटीस नावाचे जिवाणू येतात आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास सुटतो. बॅसिलस सेरिअसचे बीजाणू याही भट्टीतून जिवंत सुटतात. सुटू देत, माती त्यांचं गावच आहे.

जानेवारीत दोस्त पाहायला आला. बेळगावची थंडी, सकाळचे सात, ढिगातून वाफ निघत होती. थर्मामीटर खुपसला (दुसरा, घाबरू नका): ६१. त्यानं वाफेवर दोन्ही हात शेकले आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ह्या तुझ्या कचऱ्याला मोठा ढीग आणि गरम पोट चालतंय, आणि माझ्या भाताला चालत नाही."

"ढीग कोण खायला बसणार आहे?"

"बघ हां," तो म्हणाला, "काकूंना विचारून सांग. पाचट किती पोती लागेल? शनिवारी दोन कार्यं हायत."