इंजिन बदललंत? मग परवान्याच्या फाईलआधी हे वाचा

नाखवा मंडळी, आम्ही बोटींच्या परवान्याचे अर्ज भरून देतो, आणि जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "परवाना रिन्यू करायचाय, सगळं तसंच आहे, फक्त तारीख पुढे करा." आणि पाहणीच्या वेळी कळतं की सगळं तसंच नाहीये, बोटीत इंजिन दुसरं बसलंय. मग फाईल परत येते, दुरुस्तीचा वेगळा अर्ज, परत पाहणी, आणि तोवर पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपून १ ऑगस्ट उजाडलेला असतो, बाकीच्या बोटी बाहेर पडतात आणि ही बोट बर्फ भरायच्या ऐवजी जेटीला बांधून राहते. खलाशी आलेले असतात, त्यांचा ॲडव्हान्स दिलेला असतो. हे पत्रक मुख्यतः त्याच एका चुकीसाठी छापलंय. परवाना, बारकी मासळी आणि जेटीवर नोंद घेणारी माणसं याबद्दल जे प्रश्न तुम्ही कायम विचारता त्यांची उत्तरं पण यातच टाकली आहेत.

आधी नोंदणी आणि परवाना यातला फरक, कारण अजून बरेच जण एक कागद दाखवून दुसऱ्याबद्दल बोलतात. टेम्पोची आरसी वेगळी आणि परमिट वेगळं, तसंच हे. नोंदणी ही बोटीची ओळख, तुमच्या नावावर, बोटीची लांबी रुंदी, इंजिन सगळं त्यात. केबिनवर जो आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर रंगवता त्यात एमएम असेल तर यांत्रिक बोट, एमओ असेल तर मोटर लावलेली होडी, एनएम म्हणजे बिगरयांत्रिक. पण हा नंबर आहे म्हणून मासेमारी करता येते असं नाही. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खाली मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना लागतो आणि तो जाळ्याच्या प्रकाराचा असतो. ट्रॉलचा, म्हणजे ओढायच्या जाळ्याचा परवाना घेऊन पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरणारं जाळं टाकलं तर ती विनापरवानाच धरतात. मुदत परवान्यावर लिहिलेली असते, ती एकदा तरी स्वतः वाचा, शेजारच्या बोटवाल्याची आहे तीच आपली असं धरून चालू नका.

आता मूळ मुद्दा. इंजिन कधी बदललं जातं? बहुतेक वेळा बंदीच्या काळात. बोट वर ओढली, शाकारली, मेकॅनिकने इंजिन खोललं आणि सांगितलं की ब्लॉक गेलाय, खर्च करण्यापेक्षा दुसरं घ्या. मग कोणाच्या तरी ओळखीने वेरावळ नाहीतर मंगळूरकडून सेकंडहँड इंजिन येतं, ट्रकमधून उतरतं आणि दोन दिवसात फाउंडेशनवर बसतं. बिल म्हणजे एका चिठ्ठीवर रक्कम आणि सही. जुनं इंजिन भंगारवाला घेऊन गेला, त्याचा कागद कोणी मागितला नाही. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलं असं वाटत नाही, बोट चालू झाली ना. पण नोंदणीवर जुनाच इंजिन नंबर आणि जुनीच हॉर्सपॉवर आहे, आणि आपण अर्जात तेच परत टाकून द्यायला सांगतो.

पाहणीला अधिकारी इंजिनची प्लेट बघतात. नंबर जुळला नाही तर त्यांच्या हातात काही नाही, ते पुढे सोडू शकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर सोडूही नये. इंजिन नंबर हा बोटीच्या ओळखीचा भाग आहे. २६/११ च्या वेळी अतिरेकी एक मच्छीमार बोट पळवून तिच्यातून मुंबईच्या जवळ आले, त्यानंतर समुद्रातल्या प्रत्येक बोटीची ओळख पटली पाहिजे यावर कोणी तडजोड करत नाही. शिवाय करमुक्त डिझेलचा कोटा इंजिन बघून ठरतो, विम्याचा सर्व्हेअर अपघातानंतर पहिलं इंजिनच बघतो, मच्छीमार सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर तिथेही तोच नंबर लिहिलेला असतो. एका नंबरमुळे हे सगळं अडतं.

म्हणून एवढं करा. नवं किंवा जुनं कुठलंही इंजिन घेताना बिलावर मेक, मॉडेल, इंजिन नंबर आणि हॉर्सपॉवर लिहून घ्या, विकणाऱ्याचं पूर्ण नाव पत्ता घ्या. दुसऱ्या बोटीतून काढलेलं इंजिन असेल तर त्या बोटीच्या कागदावरून ते कमी झालंय का हे विचारा, कारण एकच नंबर दोन बोटींवर दिसला की चौकशी दोघांची होते आणि तुमचा काही दोष नसताना तुम्ही त्यात अडकता. जुनं इंजिन विकलं तर साध्या कागदावर का होईना पण विक्रीची नोंद ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन बोटीत बसवायच्या आधी प्लेटचा आणि ब्लॉकवर कोरलेल्या नंबरचा स्वच्छ फोटो काढा. एकदा इंजिन खणात बसलं की बऱ्याच बोटीत प्लेटची बाजू फळ्यांकडे जाते, मग टॉर्च आणि आरसा घेऊन नंबर वाचायची वेळ येते, ग्रीस आणि रंगाखाली तीनचा आठ दिसतो. रंगाऱ्याला सांगून ठेवा की इंजिनला रंग मारताना प्लेट झाकायची. फोटो मोबाईलमध्ये ठेवून फोन हरवू नका, आम्हाला पाठवून ठेवा, आम्ही बोटीच्या नावाने जपून ठेवतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

बरेच जण विचारतात की तुम्ही फॉर्म भरायच्या आधी बोटीवर येऊन बघायचा हट्ट का करता, बाकीचे तर आधार आणि जुना परवाना घेऊन लगेच अर्ज टाकून देतात. टाकतात, बरोबर आहे. बोटींच्या नोंदणी-परवान्याच्या रिअलक्राफ्ट या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो अर्ज परत आला की. आमचा माणूस बंदरावर येतो, इंजिन नंबर, बोटीची मापं, केबिनवरचा रंगवलेला नंबर आणि जाळं बघतो, मग कागद जुळवतो. त्याचा खर्च फीमध्ये धरलेला आहे आणि म्हणून आमची फी इतरांपेक्षा थोडी जास्त वाटते. पण त्रुटी निघाली तर परत अर्ज करायचा आम्ही वेगळा चार्ज लावत नाही, हे पण लक्षात घ्या. आणि १० जुलैनंतर आलेली फाईल आम्ही घेतो, मात्र १ ऑगस्टला मिळेलच असा शब्द देत नाही. जूनमध्ये बोट वर असते, नाखवा घरी असतो, तेव्हा अर्ध्या तासाचं काम आहे.

आता दुसरा प्रश्न जो जेटीवर कायम निघतो. वही घेऊन माणसं येतात, किती मासळी आली, कुठल्या जाळ्याने, किती वाव खोल पाण्यात, किती दिवस लागले हे विचारतात, मासे मोजतात, पट्टीने लांबी घेतात. यांना खरं सांगायचं का, उद्या टॅक्स लावतील का? नाही लावत. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय, १९४७ पासून हे काम करते, मुख्यालय कोचीला आणि मुंबईत त्यांचं केंद्र आहे. ते सगळ्या बोटी मोजत नाहीत, ठरावीक बंदरं, महिन्यातले ठरावीक दिवस आणि त्या दिवशी आलेल्यातल्या काही बोटी नमुन्याला घेतात आणि त्यावरून पूर्ण किनाऱ्याचा अंदाज बांधतात. त्यात तुमच्या बोटीच्या नावाला महत्त्व नाही, तुमच्या आकड्याला आहे, कारण एक बोट अनेक बोटींच्या जागी धरली जाते. भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही दुसरी संस्था, तिचं मुख्यालयच मुंबईत, ती स्वतःच्या जहाजाने जाळं टाकून समुद्रात मासळीचा साठा किती आहे ते बघते. देशाच्या सागरी हद्दीतून वर्षाला साधारण ५३.१ लाख टन मासळी काढता येईल हा २०१८ चा अंदाज अशाच माहितीवरून आला.

याचा परवान्याशी काय संबंध असं वाटेल, तर थेट संबंध आहे. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, सीएमएफआरआयच्या म्हणण्याप्रमाणे ४५ वर्षातली सगळ्यात कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली, बोटी कितीतरी दिवस बंदरात होत्या, त्यामुळे सगळा दोष साठ्याला देता येत नाही. पण वादळामुळे किती कमी झालं आणि साठा कमी झाल्यामुळे किती, हे वेगळं करायचं तर प्रत्येक फेरीला किती दिवस गेले आणि किती मिळालं हे खरं कळायला हवं. आपण कमी सांगितलं तर कागदावर साठा खलास दिसतो आणि निर्बंध वाढतात, जास्त सांगितलं तर नव्या परवान्यांची मागणी पुढे येते आणि समुद्रात गर्दी आपलीच होते. पर्ससीनचं असंच झालं, पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावर ५ फेब्रुवारी २०१६ ची अधिसूचना निघाली, परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरलं आणि राज्याच्या हद्दीत पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. कोणाला पटो न पटो, ते आकड्यांवरून झालं. म्हणून आमचं सांगणं एवढंच की वहीवाला आला तर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला दोन मिनिटं थांबून खरं सांगायला सांगा.

बारक्या मासळीचंही तेच. राज्याने ५४ जातींसाठी कमीत कमी लांबी ठरवली आहे, पापलेटला १३५ मिलिमीटर म्हणजे साधारण सव्वापाच इंच, बोंबलाला १८० मिलिमीटर म्हणजे सात इंचाहून किंचित जास्त. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, त्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी पाठपुरावा केला होता, आणि तिथल्या लोकांना विचारा, हातावर मावणारी पिल्लं टोपलीभर विकून वर्षाच्या शेवटी काय हाती राहतं. मापाची पट्टी आम्ही छापून घेतली आहे, प्लास्टिकची, पाण्याने खराब होत नाही, ज्यांची फाईल आमच्याकडे आहे त्यांना ऑफिसातून फुकट मिळेल. जाळ्याच्या आसाबद्दल, म्हणजे डोळ्याच्या मापाबद्दल शंका असेल तर जाळं विणून घ्यायच्या आधी विचारा, खोळा, म्हणजे मागची पिशवी शिवून झाल्यावर नको.

काही कामं आम्ही घेत नाही, ती सांगून ठेवतो म्हणजे राग नको. एलईडीवाल्या, म्हणजे दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटीचं कुठलंच काम घेत नाही. केंद्राने २०१७ ला एलईडी मासेमारी बंद केली, राज्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत दंड ५ ते २० लाख झाला, विनापरवाना ट्रॉल किंवा पर्ससीनला १ ते ६ लाख. आधी प्रकरण तहसीलदारांकडे जायचं, आता मत्स्यव्यवसायचे सहायक आयुक्तच निकाल देतात त्यामुळे लांबत नाही. ९ जानेवारी २०२५ पासून ड्रोन पण फिरतात, मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड अशा बंदरांवरून. इंजिनची हॉर्सपॉवर कागदावर कमी दाखवा असंही काही जण सुचवतात, ते पण होणार नाही. त्या नाखव्यापेक्षा शेजारच्या गिलनेटवाल्याचं (उभं जाळं लावून मासे धरणाऱ्याचं) नुकसान त्यात जास्त आहे, आणि तोही आमचाच ग्राहक आहे.

एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून विचारणा होते की आता परवाना लागतो का. लागतो. तो निर्णय वीज, कर्ज, विमा अशा सवलतींसाठी आहे, १९८१ चा कायदा जागेवर आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदीही तशीच आहे आणि राज्याची हद्द संपते त्या १२ सागरी मैलाच्या बाहेर केंद्राची बंदी याच तारखांना असते, त्यामुळे आम्ही बाहेरच्या पाण्यात होतो हे उत्तर चालत नाही. पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही.

१२ मैलाच्या पुढे जाणाऱ्या यांत्रिक बोटींना नोव्हेंबर २०२५ च्या केंद्राच्या नियमांनी प्रवेश पास लागतो. तो रिअलक्राफ्टवरच निघतो आणि सरकारी फी काहीच नाही, कोणी पासासाठी फी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. आम्ही फक्त अर्ज भरायचे घेतो, आणि परवान्याची फाईल आमच्याकडे असेल तर तेही नाही. मात्र पासावरची माहिती नोंदणीवरूनच येते, म्हणजे इंजिन नंबर चुकीचा असेल तर तिथेही तोच चुकणार. ट्रान्सपॉन्डर सरकारी योजनेत फुकट बसवून देतात, मिळाला असेल तर चालू ठेवा, बॅटरीची वायर काढून ठेवू नका, हवामानाचा इशारा त्याच्यावर येतो आणि संकटात निरोप त्याच्यावरून जातो.

ऑफिसला येताना नोंदणीचा कागद, जुना परवाना, बोटमालकाचं आणि खलाशांचं क्यूआर कोडवालं आधार, सोसायटीचा दाखला, विमा आणि इंजिन बदललं असेल तर बिल व प्लेटचा फोटो घेऊन या. मालक वारले असतील आणि बोट मुलांच्या नावावर करायची असेल तर ते काम आधी होतं, परवाना नंतर, म्हणून ते मे महिन्यातच काढा. जूनमध्ये आमचा माणूस दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी बंदरावर असतो, बोट वर ओढलेली असली तरी चालेल, फक्त इंजिन खणाच्या फळ्या काढून ठेवा.